नाकापासून कमरेपर्यंत

पुण्याहून नगरला येताना सुपे मागे पडलं की शहराची चाहूल देणारी पहिली मोठी वस्ती म्हणजे केडगाव. (पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं, दौंडजवळचं केडगाव ते वेगळं.) रेणुकामातेच्या देवळामुळे नवरात्रात गजबजणारं हे गाव आता महापालिकेच्या हद्दीत आहे. देशात सगळीकडे असते तशी आशा सेविकांची एक कामगिरी इथेही असते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक तक्ता भरायचा. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, आईवडिलांचा आजार यांना गुण असतात आणि कमरेच्या घेरालाही असतात. बाईची कंबर ८० सेंटीमीटरपर्यंत असेल तर शून्य, ९०पर्यंत एक, त्यापुढे दोन. पुरुषासाठी हीच मर्यादा ९० आणि १००. सगळ्या गुणांची बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचं. या गुणांत उंचीला जागा नाही, वजनालाही नाही. दवाखान्यात शिरताच ज्या वजनकाट्यावर आपल्याला उभं करतात, त्याला डावलून शिंप्याकडची टेप सरकारी तक्त्यात कशी आली, हा इतिहास वाचण्याजोगा आहे. त्याचा बराच भाग पुण्यात आणि पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घडला. माझं म्हणणं असं की हा इतिहास ठाऊक नसल्यामुळे आपण त्या आकड्याचा उलटा अर्थ लावतो. सुटलेलं पोट म्हणजे खादाडपणा आणि आळस, असा निवाडा आपण देऊन टाकतो. ज्यांनी हे माप आपल्याकडे महत्त्वाचं ठरवलं, ते मात्र भुकेचा माग काढत तिथवर पोचले होते.

माणसं मोजण्याची हौस आपल्याकडे आणली ती इंग्रज अंमलदारांनी, आणि तिचा आरोग्याशी काही संबंध नव्हता. हर्बर्ट रिस्ले याने १८९०च्या आसपास नाकाची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तरावरून जातींची उतरंड लावली. नाक जितकं बारीक तितकी जात वरची, असा त्याचा सिद्धान्त. पुढे १९०१च्या जनगणनेचा तो प्रमुख झाला, म्हणजे ही कल्पना कागदावरच राहिली नाही. महाराष्ट्रात या मापांना शहाणपणाने हात घातला तो इरावती कर्वे यांनी. त्यांनी बर्लिनमध्ये ज्या ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजल्या, तो वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कर्ता. बाईंचे निष्कर्ष मात्र त्याला सोयीचे निघाले नाहीत. डेक्कन कॉलेजात आल्यावर त्यांनी महाराष्ट्रभर मोजमापं घेतली आणि १९५१मध्ये वि. म. दांडेकरांबरोबर ती ग्रंथरूपाने छापली. एकाच जातनावाखाली मोडणाऱ्या पोटजाती मापांत एकमेकींहून वेगळ्या पडतात, हे त्यातून दिसलं आणि रिस्लेच्या सरळसोट उतरंडीचा पाया खचला. तरी प्रश्न तोच राहिला होता : हा माणूस कुठल्या गटातला? त्याच्या शरीराचं पुढे काय होणार, हे त्या टेपला कुणी विचारलं नव्हतं.

दांडेकरांचं नाव वीस वर्षांनी पुन्हा भेटतं, तेही शरीराच्याच हिशेबात. १९७१मध्ये त्यांनी आणि नीलकंठ रथांनी भारतातल्या दारिद्र्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात गरिबीची रेघ दिवसाच्या २२५० उष्मांकांवर ओढली होती. लगोलग १९७२चा दुष्काळ आला. नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, म्हणजे नगर, पाथर्डी, जामखेड या पट्ट्यात, माणसं खडी फोडायला गेली आणि सुकडी, मिलो यांवर जगली. तेव्हा जन्मलेली मुलं आज पन्नाशीत आहेत. केडगावच्या तक्त्यात निव्वळ वयापोटी त्यांना तीन गुण मिळतात. याच काळात पुण्यात दुसरा एक संख्याशास्त्रज्ञ दांडेकरांशी वाद घालत होता. साताऱ्याकडच्या बुधचे, जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत आयुष्य काढून आलेले पां. वा. सुखात्मे. त्यांचं म्हणणं असं की माणसाची उष्मांकांची गरज दगडावरची रेघ नसते, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं. त्यामुळे सरासरीखालचा प्रत्येक जण भुकेला धरणं चूक आहे. डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने त्याला पुढचं टोक दिलं : लहान चणीची माणसं लहान असतील, पण निरोगी आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक सी. गोपालन यांनी त्यावर कडाडून टीका केली. सुखात्म्यांचं अर्धं म्हणणं पुढे खरं ठरलं असं मला वाटतं. शरीर जुळवून घेतं, यात शंका नाही. त्या जुळवून घेण्याची किंमत कधी आणि कशात चुकवावी लागते, हे मात्र त्या वादात कुणाच्याच हिशेबात नव्हतं. दोन्ही पक्षांची मापं वजन, उंची आणि उष्मांक हीच होती, आणि ‘बारीक’ म्हणजे एक तर भुकेला किंवा ठणठणीत, एवढेच दोन पर्याय समोर होते.

गावपातळीवरही तेच. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये काम सुरू केलं. निरक्षर, बहुतेक दलित बायकांना आरोग्याचे धडे देऊन त्यांनी गावोगाव उभं केलं, आणि पोरांची वजनं घेणं हा त्या कामाचा कणा होता. १९७५ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडीतला टांगता काटा देशभर पोचला. हे सगळं अत्यंत गरजेचं होतं, त्याने हजारो मुलं वाचली. पण त्यातून एक समज घट्ट झाला : आकडा वर गेला की आपण जिंकलो.

आता त्या वजनाच्या आकड्याकडे वळू. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायची युक्ती बेल्जियमच्या केटलेची, १८३०च्या दशकातली. तो खगोलशास्त्राचा माणूस. ‘सरासरी मानव’ शोधण्याच्या नादात त्याने ती काढली, रोगाशी तिचा संबंध नव्हता. १९७२मध्ये अमेरिकेच्या ॲन्सेल कीज याने पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांची मापं तपासून हाच भागाकार त्यातल्या त्यात बरा असल्याचं सांगितलं आणि त्याला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, हे नाव दिलं. त्या पाच देशांत भारत नव्हता आणि त्या सात हजारांत एकही बाई नव्हती. तरी २५च्या वर जाडे आणि ३०च्या वर लठ्ठ, ही मोजपट्टी जगभर लागू झाली. चरबी किती यापेक्षा ती कुठे साठली आहे हे पाहा, असं मार्सेयच्या झाँ वाग या डॉक्टरने १९४७मध्येच लिहून ठेवलं होतं. मांड्यांवरची चरबी निरुपद्रवी, पोटावरची घातक, असा त्याचा रोख होता. त्याच्याकडे बराच काळ कुणी फारसं लक्ष दिलं नाही. वजनकाट्यावर उभं करणं सोपं होतं, म्हणून तेच चाललं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण तपासत होते, आणि पाठ्यपुस्तकात वर्णन केलेला लठ्ठ, उतारवयाचा मधुमेही त्यांच्यापुढे फारसा येत नव्हता. येत होता तो चाळिशीच्या आतबाहेरचा, चारचौघांत सडपातळच म्हणावा असा माणूस. १९९१मध्ये शेळगीकर, हॉकाडे आणि याज्ञिक यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला की आपल्या लोकांत रक्तातल्या साखरेचं नातं एकूण जाडीशी कमी आणि पोटावरच्या चरबीशी जास्त आहे. वागचीच गोष्ट, पण आता ती काटकुळ्या हातापायांच्या माणसांत दिसली होती. प्रश्न उरला की पोटात ही चरबी साठायला लागते कधी. उत्तर कुठे शोधावं, याचा इशारा इंग्लंडमधून आला. साउथॅम्प्टनच्या डेव्हिड बार्करने हर्टफर्डशरच्या जुन्या वह्या उकरून काढल्या होत्या. १९११पासून तिथल्या सुइणींनी प्रत्येक बाळाचं जन्मवजन आणि वर्षाचं वजन शाईने नोंदवून ठेवलं होतं. जी बाळं हलकी जन्मली, त्यांनाच साठीत हृदयविकार आणि मधुमेह जास्त झालेला दिसत होता. केईएममध्येही जन्मवजनाच्या नोंदी होत्याच. १९८७ ते १९८९ या काळात तिथे जन्मलेली मुलं शोधून त्यांना चौथ्या वर्षी ग्लुकोज पाजलं आणि रक्त तपासलं. जन्मतः हलकी असलेल्या मुलांत साखर आणि इन्सुलिन जास्त चढत होतं. आठव्या वर्षी, डॉ. आशिष बावडेकरांच्या पुढाकाराने झालेल्या तपासणीत, सगळ्यात वाईट चित्र होतं ते जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी मोठ्या झालेल्या मुलांचं. आई जेव्हा कौतुकाने म्हणते की पोरगं आता बाळसं धरतंय, तेव्हा आत काय चाललेलं असू शकतं हे त्यातून पहिल्यांदा कळलं.

पण जन्माच्या वेळी ते मूल नेमकं कसं असतं, हे पाहिल्याशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती. त्यासाठी शहरातलं रुग्णालय पुरेसं नव्हतं, खेड्यात जायला हवं होतं. केईएमला खेड्याची वाट डॉ. बानू कोयाजींनी आधीच करून दिली होती. याच पुणे–नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाहून आत वळलं की वढू बुद्रुक लागतं, तिथे त्यांनी सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं होतं. १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत लग्न झालेल्या बायकांची मापं घ्यायला सुरुवात झाली, गर्भ राहण्याच्या आधीपासून. पाळी चुकली की नोंद आणि बाळ जन्मलं की ७२ तासांच्या आत मोजणी. आया सरासरी ४२ किलोच्या, बीएमआय १८च्या घरात, शेतात राबणाऱ्या. बाळाचं वजन, लांबी, डोकं, दंड आणि पोटाचा घेर घ्यायचा. मग चिमट्यासारख्या कॅलिपरने दंडामागची आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी हलकेच उचलायची आणि तिची जाडी मिलिमीटरमध्ये वाचायची. तीन किलोंखालच्या, रडणाऱ्या बाळाची ती घडी पकडणं हे कसबाचं काम आहे. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी निष्कर्ष फिरतो, म्हणून मोजणाऱ्यांची आपसांत पुन्हा पुन्हा पडताळणी करावी लागते.

ही मापं साउथॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांशेजारी ठेवली तेव्हा जे दिसलं, त्यावर या सगळ्या इतिहासाची भिस्त आहे. पुण्याकडची बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते सगळी मापं सारखी घटलेली नव्हती यात. संख्याशास्त्राच्या भाषेत, प्रमाण विचलनाच्या पायऱ्यांत मोजलं तर वजन १.७४ पायऱ्या खाली होतं. दंडाचा घेर, म्हणजे मुख्यतः स्नायू, १.८२ पायऱ्या खाली. पोटाचा घेर, जो त्या वयात यकृतासारख्या अवयवांचा आकार सांगतो, तब्बल २.३८. आणि पाठीवरच्या कातडीची घडी, म्हणजे चरबी, फक्त ०.५३. पोटातल्या पोटात अन्न अपुरं पडलं तेव्हा त्या जिवाने स्नायूंवर आणि अवयवांवर कात्री चालवली आणि चरबी जपली. दुष्काळात घरातली भांडी विकून बियाणं राखणाऱ्या शेतकऱ्यासारखंच हे. २००२मध्ये पुणे आणि लंडनमधल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर पुण्याच्या हलक्या बाळांत इन्सुलिन जास्त निघालं. वरून बारीक आणि आतून स्थूल अशा या शरीराला याज्ञिकांनी ‘थिन-फॅट’ हे नाव दिलं. ती प्रौढपणी जडलेली सवय नसून जन्मखूण आहे, हे आता आकड्यांनी सांगता येत होतं.

मोठ्यांतला पुरावा त्यांनी जरा मिस्कीलपणे मांडला. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. एक मॅरेथॉन धावणारा, दुसऱ्याचा व्यायाम रुग्णालयाची लिफ्ट पकडण्यापुरता, अशी कबुलीही त्यांनी त्यात देऊन टाकली. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हा आक्षेप इथे रास्तच आहे. तो फोटो पुरावा नव्हताच, पुरावा त्या शेकडो बाळांच्या तक्त्यात होता. फोटोने फक्त जगाचं लक्ष वेधलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३पासूनच सावध व्हा असं सांगितलं. २००९मध्ये भारतीय डॉक्टरांनी कमरेच्या मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० अशा ठरवल्या. केडगावच्या तक्त्यातले आकडे हेच. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच कंबर आणि नितंब यांची मापं घेतली, तेव्हा देशातल्या २४ टक्के बायका बीएमआयने जाड ठरल्या, पण कंबर–नितंब गुणोत्तराने ५७ टक्के बायका धोक्याच्या पलीकडे गेल्या. पुरुषांत हेच आकडे २३ आणि ४८. काटा ज्यांना ‘ठीक’ म्हणून घरी पाठवतो, त्यांतल्या अनेकांना टेप थांबवते.

इथे वजनदार आक्षेप आहे तो आनुवंशिकतेचा. आपल्या जनुकांतच हा दोष असेल, आईच्या पोटातल्या उपासमारीला कशाला बोल लावायचा? इंग्लंडच्या अँड्र्यू हॅटर्सलीने १९९९मध्ये हा मुद्दा नेमका मांडला. इन्सुलिन कमी करणारं जनुक बाळाला हलकं ठेवेल आणि मोठेपणी मधुमेहही देईल, म्हणजे दोन्हींचं कारण एकच. हे काही प्रमाणात खरं असणारच. पण १९४४–४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी कोंडी केल्यामुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली, तेव्हा गर्भात असलेल्या मुलांची साखर पन्नाशीत पुढेमागे जन्मलेल्यांपेक्षा बिघडलेली निघाली. त्या हिवाळ्यापुरती डचांची जनुकं बदलली नव्हती. पुण्याकडच्या खेड्यांतही मुद्दा निव्वळ उष्मांकांचा राहिला नाही. हिरव्या भाज्या, फळं, दूध खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. साधारण दोनतृतीयांश आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि ज्यांच्यात ते कमी व फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. सरकारी गोळ्यांतून फोलेट पोचत होतं, ब-१२ नव्हतं. दांडेकर–सुखात्मे वादातल्या उष्मांकांत या दोन्ही गोष्टींना जागा नव्हती.

टेप ढोबळ आहे, हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. ती शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, कातडीवर न आवळता धरायची असते. प्रत्यक्षात त्याच आसपास परकराची नाडी आणि निऱ्यांचा खोचा असतो, बाई संकोचते, पोट आत ओढते आणि आशाताई पातळावरूनच माप घेते. ७९ आणि ८१ यांतला फरक एखाद्या गाठीचा असू शकतो. मग सरळ रक्तच का तपासू नये? तपासावंच, पण कुणाचं आधी, एवढंच टेपने सांगायचं आहे. निदान करणं हे तिचं काम नाही. खरा घोळ होतो तो तो आकडा अंगाला चिकटवला की. ‘एवढी कंबर? खाणं कमी करा’ हे वाक्य ४५ किलोच्या आईच्या पोटी सव्वादोन किलोच्या जन्मलेल्या, आयुष्यभर खुरपणी केलेल्या बाईला ऐकवणं हा अन्याय तर आहेच, शिवाय ते शास्त्रालाही धरून नाही. चालणं-फिरणं, ताटातला तेल-साखरेचा हिशेब यांनी तिचा धोका कमी होतो, ते सांगायलाच हवं. पण त्या घेराचा सगळा जाब तिला विचारता येत नाही.

टेपची मर्यादा याच सहा खेड्यांनी पुढे आणखी कठोरपणे दाखवली. तिथली मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा ४८ टक्के अजून कमी वजनाची होती, आणि तरीही ३७ टक्के मुलगे व १८ टक्के मुली साखर नीट पेलू शकत नव्हत्या, बहुतेक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ज्यांच्यावर हे ओढवलं, त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही जरा वरच होती. ही मुलं केडगावच्या तक्त्यात बसत नाहीत. तक्ता तिशीला सुरू होतो, आणि त्यांची कंबर तर लहानच. उपायही वाटतो तितका सरळ नाही. डॉ. रमेश पोतदार यांच्या पुढाकाराने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भधारणेच्या आधीपासून बायकांना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. बाळांचं वजन सरासरी २६ ग्रॅमच वाढलं. गर्भ राहण्याच्या तीन महिने आधीपासून खाल्लं त्यांच्यात ४८. गर्भारपणातला मधुमेह मात्र १२.४ टक्क्यांवरून ७.३वर आला, म्हणजे काट्यावर जे जेमतेम दिसलं, ते रक्तात ठळक दिसलं. पुण्याच्या चमूने २०१२मध्ये त्याच खेड्यांतल्या, जन्मतः कॅलिपरने मोजलेल्या मुलामुलींना ब-१२ द्यायला सुरुवात केली, त्यांना मुलं होण्याआधी.

या पार्श्वभूमीवर केडगावच्या तक्त्यात एक रकाना कमी पडतो असं मला ठामपणे वाटतं. माता-बाल संरक्षण कार्डावर प्रत्येक बाळाचं जन्मवजन आज लिहिलं जातं. लसी संपल्या की ते कार्ड पत्र्याच्या पेटीत जातं नाही तर रद्दीत, आणि तीस वर्षांनी त्याच माणसाच्या कमरेला टेप लावणाऱ्या आशाताईला ते कधीच दिसत नाही. पहिलीत नाव घालताना जन्मदाखला मागतात, तिथेच जन्मवजनाची नोंद शाळेच्या आरोग्य तपासणीत उतरवून घेतली, तर सव्वादोन किलोने जन्मलेल्या आणि तिसरी-चौथीत भराभर बाळसं धरणाऱ्या मुलाची साखर बाराव्या वर्षी तपासायला आणखी वेगळ्या कुठल्याही मापाची गरज पडणार नाही.